रेफरेंडम : अकरा महिने वापरून

विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीच्या पश्चिमेला, घर घेऊन तेरा वर्षं झाली. घरपट्टी पहिल्या वर्षापासून भरतोय. मत मात्र गेल्या वर्षी पहिल्यांदा दिलं, कारण आधी एच-वन, मग ग्रीन कार्ड, आणि नागरिकत्व परवा-परवा. मधल्या काळात आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, दोनदा जनतेला विचारून कर वाढवला. त्या जनतेत मी नव्हतो, फक्त बिलात होतो. त्यामुळे रेफरेंडमबद्दल, म्हणजे अशा सार्वमताबद्दल, माझ्या मनात जुनी अढी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९३-९४ पासून इथे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला राज्याने रेव्हेन्यू लिमिट घालून दिलंय: राज्याचं अनुदान आणि स्थानिक मालमत्ता कर मिळून इतकीच रक्कम, त्यापुढे नाही. पूर्वी ही मर्यादा महागाईप्रमाणे आपोआप वाढायची. २००९ नंतर ते थांबलं. मर्यादा ओलांडायची तर लोकांना विचारायचं. म्हणून २०२४ मध्ये राज्यभरात दोनशेहून जास्त प्रश्न मतपत्रिकेवर आले. शाळा चालवायची म्हणजे दर दोन-चार वर्षांनी निवडणूक लढवायची, अशी अवस्था आहे.

आमच्याकडची निवडणूक १ एप्रिल २०२५ ची. रांग एवढी मोठी की मला वाटलं लोकांना शाळेची फार काळजी. कसली काळजी! राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाची निवड होती. एलॉन मस्क दोनच दिवस आधी ग्रीन बेला चीजची टोपी घालून दहा-दहा लाख डॉलरचे दोन चेक वाटून गेले होते. आमच्या शाळेचा प्रश्न मतपत्रिकेच्या तळाशी, कायद्याच्या भाषेत: कलम १२१.९१ मधली मर्यादा चार वर्षं अमुक रकमेने ओलांडायला परवानगी द्यावी का, 'नॉन-रिकरिंग' कारणांसाठी. रिकरिंग म्हटलं की आपल्याला बँकेतलं खातं आठवतं, ज्यात शेवटी पैसे परत मिळतात. इथे रिकरिंग म्हणजे कायमची वाढ, नॉन-रिकरिंग म्हणजे मुदतीची.

त्याआधी महिनाभर घरी पत्रकं येत होती. सरकारी पैशाने प्रचार करायला बंदी, म्हणून पत्रकात 'हो म्हणा' असं कुठेच नाही. फक्त व्हायोलिन वाजवणारी मुलगी, गळक्या छताखाली ठेवलेली बादली आणि खाली ठळक अक्षरांत: लाख डॉलरच्या घराला वर्षाला ४१ डॉलर. आता लाख डॉलरचं घर आमच्या गावात कुणाकडे आहे? माझं घर तीन लाख ऐंशी हजारांना धरलंय. म्हणजे १५६. एक्केचाळीस आकडा सोपा दिसतो, म्हणून भाजीवाला जसा पावकिलोचा भाव सांगतो तसं.

मी 'नाही'वर गोळा काळा केला. बायकोने 'हो'वर. आमचं घर ५०-५०. प्रश्न पास झाला.

माझ्या 'नाही'मागे मिलवॉकी शहर होतं. तिथल्या पब्लिक स्कूल्सनी एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला २५ कोटी २० लाख डॉलरपर्यंत जाणारी, तीही कायमची, वाढ मागितली. अगदी थोड्या मतांनी ती मंजूर झाली. दोन महिन्यांत बाहेर आलं की डिस्ट्रिक्टने राज्याला द्यायचे आर्थिक अहवाल कित्येक महिने दिलेलेच नाहीत. राज्याने काही अनुदान रोखलं, डिस्ट्रिक्टचे प्रमुख, सुपरिंटेंडंट कीथ पोसली यांनी राजीनामा दिला, गव्हर्नरांनी ऑडिट लावलं. हे सगळं मतदानाच्या नंतर! डोंबिवलीत दादाच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला जादा वर्गणी काढायची तर आधी तीन कोटेशन मागतात, आणि सेक्रेटरीने ऑडिट लपवलं तर पुढच्या सभेत त्याची धडगत नसते.

डिसेंबरमध्ये बिल आलं आणि माझ्या 'नाही'चा पाया जरा हलला.

विस्कॉन्सिनच्या बिलावर खाली एक छोटी चौकट असते: मतदारांनी मंजूर केलेली तात्पुरती करवाढ, तुमच्या घराच्या वाट्याची रक्कम, आणि ती संपण्याचं वर्ष. माझ्या चौकटीत १५८ डॉलर, वर्ष २०२८. म्हणजे व्हायोलिनवालीने खोटं सांगितलं नव्हतं. (कायमची वाढ मागून मिळाली की ती या चौकटीत येत नाही, नेहमीच्या करात मिसळून जाते. मिलवॉकीकरांनी लक्षात ठेवावं.) पण लॉटरी क्रेडिट (राज्याच्या लॉटरीच्या पैशातून घरपट्टीत मिळणारी सूट) वजा जाऊनही माझं एकूण बिल वाढलं होतं ४१२ डॉलरने.

मग उरलेले अडीचशे कुठून आले? थोडे काउंटीचे, थोडे गावाचे, थोडे घराची किंमत वाढवून धरली म्हणून. पण मोठा भाग पुन्हा शाळेचाच, आणि त्यामागची गंमत ऐकण्यासारखी आहे. २०२३ मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी आंशिक व्हेटो, म्हणजे मंजूर बजेटमधले काही शब्द-आकडे खोडायचा अधिकार, वापरून शाळांच्या मर्यादेच्या तरतुदीतल्या '२०२४-२५' मधले काही अंक आणि मधली रेघ खोडली. उरलं २४२५. झालं, दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३२५ डॉलरची मर्यादावाढ पुढची चारशे वर्षं! राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी तेही उचलून धरलं. पण मर्यादा वाढली म्हणजे पैसे आले असं नाही. २०२५-२७ च्या बजेटमध्ये विधिमंडळाने सर्वसाधारण शालेय अनुदान वाढवलं नाही. मग ते ३२५ कुणी भरायचे? घरवाल्यांनी. गव्हर्नरांनी खोडरबर चालवलं, विधिमंडळाने हात खिशात ठेवले, आणि शिव्या खाल्ल्या आमच्या रेफरेंडमने, कारण बिलावर चौकट फक्त त्याचीच.

३१ जानेवारीच्या आत पहिला हप्ता भरला आणि तावातावाने फेब्रुवारीच्या बोर्ड मीटिंगला गेलो. शाळेची लायब्ररी, मुलांच्या बुटक्या खुर्च्या, माझ्यासकट सहा लोक. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. रेफरेंडमच्या पैशातून बदलायच्या बॉयलरचं मी विचारलं, कारण तो आधीच बदललेला होता आणि पैसे दुसरीकडे गेले असा माझा पक्का समज होता. बिझनेस मॅनेजरने मीटिंगनंतर मला थांबवलं आणि टेंडरचा कागद दाखवला. बॉयलर दोन होते. मी एकच धरून बसलो होतो. असो.

मग मी खरा प्रश्न विचारला: चार वर्षांच्या पैशातून तुम्ही शिक्षक नेमलेत, त्यांचे पगार काय चार वर्षांनी थांबणार? तो शांतपणे म्हणाला, "नाही. २०२८ मध्ये आम्ही पुन्हा तुमच्याकडे येऊ." इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मुदतीच्या पैशातून कायमचा खर्च चालवायचा आणि मुदत संपली की 'नाही म्हणालात तर व्हायोलिन बंद' अशी पाळी आणायची, माझी खरी तक्रार हीच आहे. आणि ती अकरा महिन्यांनीही कायम आहे. २०२८ ला मी बहुधा पुन्हा 'नाही'च करेन. बायको म्हणते, बघू.

पण निघताना तो आणखी एक बोलला. न विचारता वाढलेल्या अडीचशेवरून मी कुरकुरत होतो. तो म्हणाला, शाळेच्या वाट्यापुरतं तरी विचारलं होतं की. आमचं डिस्ट्रिक्ट 'कॉमन' प्रकारात मोडतं, आणि अशा डिस्ट्रिक्टची वार्षिक सभा असते. हॉलमध्ये येणारा कुणीही मतदार त्या वर्षीच्या करावर हात वर करून मत देतो. अंतिम आकडा बोर्ड ऑक्टोबरअखेर बसवतं, पण लोकांचा ठराव आधी होतो. आपल्या ग्रामसभेसारखंच. गेल्या ऑगस्टमध्ये किती जण आले होते, मी विचारलं.

"एकोणीस. त्यातले सात बोर्डाचे."

दादाला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. "आमच्या सोसायटीत कोरम नसला की अर्धा तास थांबतो आणि आलेल्यांवरच उरकतो, तसंच म्हण की." मुंबईत मामाचं घर ५०० चौरस फुटांच्या आत, त्याचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ. त्याला तर कुणी विचारतही नाही आणि तो भरतही नाही, सगळ्यांत सुखी तोच.

या वर्षीच्या सभेची तारीख अजून लागलेली नाही. फ्रिजवर घरपट्टीच्या दुसऱ्या हप्त्याची ३१ जुलै लिहिलेली आहे. तिच्याखाली बायकोने ऑगस्ट लिहून पुढे जागा मोकळी सोडलीय.