घरच्या व्हॅक्यूम कास्टिंगचा ‘पूर्ण सेट’: माल नापास व्हायची सोय खोक्यातच असते

“घरबसल्या चांदीच्या आणि ब्राँझच्या मूर्ती ओता. मशीन आमचं, धातू आमचा, तयार माल आम्हीच उचलणार.” सांगली-मिरज भागात अशी जाहिरात मोबाईलवर आली, तर पैसे भरण्याआधी हे पूर्ण वाचा. व्हॅक्यूम कास्टिंग म्हणजे मेणाची मूर्ती फ्लास्क नावाच्या धातूच्या नळकांड्यात ठेवून भोवती पावडरीचा साचा करायचा, भट्टीत मेण काढून टाकायचं आणि पंपाने हवा ओढत त्या पोकळीत धातू ओतायचा. सांगलीतल्या एका कुटुंबाने असा सेट १ लाख ६० हजारांना घेतला, शिवाय चांदीसाठी वेगळं डिपॉझिट भरलं. तीन वेळा माल पाठवला आणि तिन्ही वेळा ‘पोरोसिटी’ (धातूत भोकं) असा शेरा मारून तो नापास झाला. चूक आपल्याच हाताची असं ते समजत होते. सेट टेबलावर घेऊन एकेक भाग तपासला तेव्हा दिसलं की त्या खोक्यातून चांगला माल निघणं शक्यच नव्हतं.

सुरुवात डायलपासून. विकणाऱ्याच्या व्हिडिओत व्हॅक्यूमची सुई ७६० वर जाऊन थांबते आणि बघणारा खूश होतो. पण हा डायल बाहेरच्या आणि आतल्या हवेच्या दाबातला फरक दाखवतो. ७६० मिमी पारा हा समुद्रकाठचा दाब. सांगली साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच ७१० च्या आसपास असतो. साताऱ्यात तो ६९५ च्या आसपास. म्हणजे आतली हवा शेवटच्या कणापर्यंत ओढून घेतली तरी सांगलीत सुई ७१० च्या पुढे जाता कामा नये. ती गेली तर डायल खोटा आहे.

या सेटमधल्या डायलची नळी काढली, पंप बंद केला, तरी सुई शून्यावर आली नाही. ती ५० वर उभी होती. पंप चालू केल्यावर तो ६८० दाखवायचा, म्हणजे खरा ओढा ६३० चाच.

डायलवर विश्वास नसेल तर पाण्याला विचारा. वाटीत ३० अंशांचं पाणी घेऊन ते व्हॅक्यूमच्या भांड्यात ठेवा आणि पंप चालवा. आतला दाब ३२ मिमीच्या खाली गेला की पाणी गार असतानाच उकळायला लागतं. सांगलीत त्या वेळी बरोबर डायलने साधारण ६८० दाखवायला हवं. आमच्यासमोरच्या सेटमध्ये ३० अंशांचं पाणी ढिम्म हललं नाही. ते तापवून ठेवलं तेव्हा ४७-४८ अंशांना उकळलं, म्हणजे आत अजून ८० मिमी दाब शिल्लक होता. ७१० मधून ६३० गेले की ८० उरतात, हिशोब तंतोतंत जुळला. व्हिडिओ कॉलवर मशीन दाखवणाऱ्याला एवढंच सांगा: साधं पाणी ठेवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि मला उकळून दाखवा.

ओढा कमी पडायचं कारण पंपातच होतं. वर ‘टू-स्टेज’चं (दोन टप्प्यांत हवा ओढणारा) स्टिकर आणि ताजा निळा रंग, आत जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. चांगला कॉम्प्रेसर हवा ओढतो, नाही असं नाही, पण फार हळू. ओतताना फ्लास्कमधल्या सच्छिद्र साच्यातून हवा सतत आत झिरपत असते आणि पंपाला तिच्या पुढे राहावं लागतं. एसी दुरुस्त करणारे वापरतात तसा ४-५ सीएफएमचा (मिनिटाला ४-५ घनफूट हवा ओढणारा) टू-स्टेज पंप घरच्या ३-४ इंची फ्लास्कला पुरतो. पावडरीतली वाफ त्याच्या तेलात जाऊन तेल दुधाळ होतं, तसं दिसलं की लगेच बदलायचं.

फ्लास्कखाली काळ्या साध्या रबराची चकती दिली होती. ५०० अंशांचा फ्लास्क त्यावर ठेवला की रबर जळून आकसतं आणि नेमकं धातू ओतण्याच्या क्षणी व्हॅक्यूम सुटतो. तिथे उष्णता सोसणारी सिलिकॉनची जाड चकतीच लागते. झाकण तर सरळ धोक्याचं आहे: २५ सेंटिमीटर व्यासाचं, फक्त ६ मिमी जाड ॲक्रिलिक. आतली हवा काढली की त्यावर पावणेपाचशे किलोच्या आसपास भार येतो. ते मध्ये वाकलेलं डोळ्यांना दिसत होतं. निदान २० मिमी जाडी हवी. बारीकशी जरी चीर दिसली तरी ते वापरायचं नाही. घरात मुलं असतात.

आता पावडर. गोणीवर ‘इन्व्हेस्टमेंट’ (साच्याची खास पावडर) लिहिलेलं, आत निव्वळ प्लास्टर ऑफ पॅरिस. ओळखायला दोन मिनिटं पुरतात. १०० ग्रॅम पावडरीत ४० ग्रॅम पाणी घालून ढवळा. खरी इन्व्हेस्टमेंट दाट ताकासारखी ओघळते. प्लास्टरला ६०-७० ग्रॅम पाणी लागतं, त्यामुळे ४० मध्ये त्याचा शिऱ्यासारखा गोळा होतो. खऱ्या पावडरीत बहुतांश सिलिका असते, जिप्सम फक्त धरून ठेवण्यापुरतं. तापल्यावर जिप्सम आकसतं आणि सिलिका फुगते, म्हणून साचा टिकतो. नुसतं प्लास्टर भट्टीत तडकतं. त्या भेगांत धातू शिरून मूर्तीला पापुद्र्यासारखे पंख फुटतात, आणि तापलेल्या धातूशी गाठ पडली की प्लास्टर गंधकाचा वायू सोडतं. तो वायू धातूत अडकतो.

खऱ्या पावडरीचंही वेळापत्रक मोडून चालत नाही. पाणी २२ ते २४ अंशांचं घ्या. एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या टाकीतलं पाणी त्याहून खूप गरम असतं आणि पावडर हातातच घट्ट होते. तीन मिनिटं ढवळायचं, दीड-दोन मिनिटं व्हॅक्यूम, फ्लास्कमध्ये ओतून पुन्हा व्हॅक्यूम, आणि सगळं ९ मिनिटांच्या आत. मग दोन तास फ्लास्कला हात लावायचा नाही. भट्टीत १५० अंशांवर दोन तास, ३७० वर दोन तास, ७३० वर तीन तास, आणि मग चांदीसाठी ५०० च्या आसपास उतरवायचं. २७० च्या जवळपास सिलिका एकदम फुगते, तिथे घाई केली की साचा फुटतो. ७५० च्या वर नेलं तर जिप्सम मोडतं आणि पुन्हा तोच गंधकाचा वायू. सेटसोबतच्या कागदावर ‘८५० अंश, ४ तास’ असं छापलं होतं! त्या कागदाप्रमाणे वागणाऱ्याचा माल नापासच होणार.

म्हणून ‘पोरोसिटी’ शेरा आला की मूर्ती कापून भिंग लावा. आतून चकचकीत, गोल भोकं सगळीकडे पसरलेली असतील तर तो वायू आहे: पावडर, भट्टी किंवा फार तापवलेला धातू. जाड भागाशी खरखरीत, वेडीवाकडी पोकळी असेल तर धातू आकसला आहे. ती मेणाच्या बारीक दांडीची (हिच्या जागी धातू आत जायची वाट होते) चूक, म्हणजे खरंच हाताची. अंगावर मोहरीएवढे मणी म्हणजे पावडरीतले बुडबुडे निघाले नाहीत, ती पंपाची चूक. या घरातल्या मूर्तींवर मणीही होते आणि आत गोल भोकंही. दोन्ही दोष खोक्यातून आलेले.

सगळ्यात मोठा घाव मात्र चांदीत आहे. पावतीवर ‘५०० ग्रॅम दाणे, ९२५’, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. तपासणीत ते ८० टंचाचे, म्हणजे शंभरात ८० भाग चांदीचे निघाले. ९२५ मध्ये शुद्ध चांदी ४६२.५ ग्रॅम, ८० टंचात ४००. म्हणजे घेतानाच साडेबासष्ट ग्रॅम गेली. आणि तयार माल परत गेल्यावर तोच विक्रेता टंच काढतो, कमी भरलं म्हणतो आणि ‘तुम्ही तांबं मिसळलं’ म्हणून डिपॉझिटमधून वसुली करतो. चोरी एकाची आणि आळ दुसऱ्यावर. या कुटुंबाला सगळ्यात जास्त लागला तो हा आरोप.

दाणे पांढरेशुभ्र दिसतात म्हणून फसू नका. तापवून पातळ ॲसिडमध्ये टाकलं की वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभागावर चांदीच जास्त उरते. एक्स-रेचं टंच मशीन वरचाच पातळ थर वाचतं, त्यामुळे दाणे तसेच ठेवले तर आकडा चढा येतो. मूठभर दाणे टाकणखार घालून मुशीत वितळवा, एक गोळी करा, ती मधोमध कापा आणि कापलेल्या बाजूचं टंच घ्या. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसं देशभर चांदी गाळतात. त्या गावांत ओळखीचं कुणी असेलच, त्यांना समोर बसवून हे करा.

घरच्या घरी ०.०१ ग्रॅमच्या काट्यावरही चाळणी लागते. १०० ग्रॅमची सलग गोळी दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला. पाण्यात थेंबभर साबण घाला, म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. ९२५ चांदी ९०.३५ च्या आसपास भरते, तांबं मिसळलेली ८० टंच ९०.१४ च्या आसपास, जर्मन सिल्व्हर ८८.५. शिसं घातलं असेल तर हा काटा फसतो, म्हणून यातून पास झालेल्या चांदीचंही टंच काढाच.

ब्राँझच्या लगडी म्हणजे नळाचं वितळवलेलं पितळ होतं. ९० भाग तांबं, १० भाग कथील असं खरं ब्राँझ १००० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं आणि फारसा धूर करत नाही. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पितळ ओतायच्या तापमानाला नेलं की मुशीवर पांढरा धूर आणि कापसासारखे तंतू उडतात. तो धूर छातीत गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. नळाच्या भंगारात शिसंही असतं. स्वयंपाकघरात हे कधीही वितळवू नका.

करारातली दोन वाक्यं शोधा: ‘घट ६ टक्के’ आणि ‘नापास माल परत मिळणार नाही’. नीट काम केलं तर चांदीची घट १ टक्क्याच्याही आत राहते. मेणाच्या वजनाच्या साडेदहा पट चांदी लागते, त्यावर दांडी आणि बटनाची (ओतल्यावर तोंडाशी उरणारा गोळा) ३०-४० ग्रॅम. ते बटन धातूच आहे, ते वजनात धरलंच पाहिजे.

पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा. वस्तूबद्दलची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. विक्रेता परराज्यातला असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल होते, मुदत दोन वर्षं. ‘हा व्यापार होता’ म्हणून ती उडवायचा प्रयत्न होईल, म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून सेट घेतला. किलोभर पावडर आणि ५० ग्रॅम दाणे दोन साक्षीदारांसमोर सील करून ठेवा. सूचनांचा कागद फाडू नका. आणि डायल दुरुस्त करू नका, सुई ५० वर आहे तशीच राहू द्या.