कोंबड्यांच्या जोडीला बदकं आणावीत का?

"तलंगा आणू की बदकाची पिलं?" हा प्रश्न दिवाळीपासून मला तिघांनी विचारला. तलंगा म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या. तिघांकडेही आधीच पाच-सात गावरान कोंबड्या आहेत, घरामागे खळं आहे आणि घरात अंडी खाणारी पोरं आहेत. म्हणून खुराडं केवढं बांधावं, पिलांना दिवा किती दिवस लावावा, हे इथं सांगत बसत नाही. आमचं घर पारोळ्याच्या बाजूला, कोरडवाहू भागात. पहिलं दीड वर्ष नुसत्या कोंबड्या होत्या, मग खाकी कॅम्पबेल बदकं आली, आणि तेव्हापासून दोन्ही एकाच खळ्यात आहेत. माझं माप म्हणजे माझं खळं. तुमचं वेगळं निघू शकतं.

बदक म्हटलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: "पेवाले पानी नही अन्‌ बदकं कसाले पाळस रे भो?" म्हणणाऱ्याचं चुकत नाही. आमच्या नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं. पण बदकाला तळं लागतं ही समजूत खरी नाही. डोळ्यांपर्यंत डोकं बुडेल आणि नाक धुता येईल एवढं खोल भांडं मिळालं की त्याचं भागतं. सात बदकांना मी एक मोठं घमेलं ठेवतो आणि ते दिवसातून दोनदा भरतो. घाण मात्र अशी करतात की विचारू नका. भरल्यावर अर्ध्या तासात त्या पाण्याचा रंग टपरीवरच्या चहासारखा होतो. ते पाणी मी लिंबाच्या आळ्यात ओततो, त्यामुळे वाया जात नाही. कोंबड्यांचं पाणी मात्र बदकांपासून वाचवावं लागतं. आम्ही ते ओट्यावर ठेवलं, कारण कोंबडी उडी मारून वर जाते आणि बदकाला तेवढं चढवत नाही. पाण्याचा त्रास आहे, पण तो रोजचा, ठरलेल्या वेळचा आणि डोळ्यांसमोरचा आहे.

कोंबडीचा त्रास लपून बसतो, आणि माझा कौल तिथंच फिरला.

कापूस निघाला की आमच्या खळ्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, ढीग लागतो. चुलीला वर्षभर पुरतो. नवी घालती कोंबडी पहिले आठ-दहा दिवस शहाण्यासारखी पाटीत बसते आणि मग एक दिवस तिला तो ढीग दिसतो. त्यानंतर खुराड्यातली पाटी तिच्या लेखी संपली. दुपारी "कॉक-कॉक-कॉकाक" असं गाव गोळा करून ओरडते, आपण धावत जातो, तर बाई ढिगापासून पन्नास पावलांवर उभी! कुठं घातलं याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे तिला कोणी शिकवलं देव जाणे. मग आपण गुडघे टेकून पऱ्हाटीत हात घालायचा. कोपरापर्यंत ओरखडे येतात, आणि आत अंडं असेल की धामण, हे हात लागल्याशिवाय कळत नाही. एकदा धामणच निघाली. तिनं माझ्याआधी सोय पाहिली होती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी नवे व्याही घरी आले. पुरणपोळी आदल्या दिवशी झाली होती, म्हणून बायकोनं अंड्यांचा बेत धरला. सकाळीच ढिगाच्या मागच्या बाजूला सतरा अंड्यांचं घबाड सापडलं होतं, म्हणून मी खुशीत होतो. तिनं पाच अंडी एकाच पातेल्यात फोडली. सहावं फुटलं आणि तो वास माजघरातून पुढच्या खोलीपर्यंत आला. पंखा लावला, दोन्ही दारं उघडली, उदबत्ती लावली. व्याही मोठ्या मनाचे, म्हणाले, "असू द्या, शेवभाजी करा, आम्हाला तीच आवडते." पातेलं दोन दिवस उन्हात होतं. सतरापैकी कोणतं अंडं कालचं आणि कोणतं पंधरा दिवसांपूर्वीचं, हे सांगायला ती कोंबडी येणार नव्हती. पाण्यात टाकून पाहायचं, तरंगलं की फेकायचं, ही युक्ती मला माहीत होती. ती त्या सकाळी सुचली नाही, एवढंच.

उपाय केले. पाटीत चुन्याचं खोटं अंडं ठेवलं. अकरापर्यंत कोंबड्या कोंडून ठेवल्या. थोडा फरक पडला, पण पुरता नाही, आणि त्याचं कारण कोंबडीच्या अंगातच आहे. एक अंडं तयार व्हायला तिला 24 तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, साधारण 25-26 तास. म्हणून आज आठला घातलं तर उद्या साडेनऊला, परवा अकराला, असं ते पुढं सरकत दुपारवर जातं, मग एखादा खाडा पडतो आणि पुन्हा सकाळपासून सुरू. कोंडायचं तर दिवसभरच कोंडावं लागेल. मग गावरान कशाला पाळायची?

बदकाचं हे चक्र जवळपास 24 तासांचंच, आणि वेळ पहाटेची. मी साडेआठला दार उघडतो तेव्हा बहुतेक अंडी भुशावर पडलेली असतात. सात माद्यांत कधी सहा, कधी पाच, थंडीत चार. ती वेचायला मला दोन मिनिटंही लागत नाहीत. आई तर काठीनंच एकेक अंडं दाराकडं सरकवते, वाकतही नाही. मळकी असतात हे कबूल, कारण बदक पायानं चिखल आत आणतं आणि अंड्यावरच बसतं. भुसा दर दोन दिवसांनी पालटला तर बरीच स्वच्छ निघतात. पण प्रत्येक अंडं आजचं आहे हे मला ठाऊक असतं.

याला जोडूनच खुडकीचं. आमची गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे घालणं थांबवून उबवायला बसते. पाण्यात बुडवा, डाल्याखाली झाका, शेपटीला चिंधी बांधा, ती तिच्या मनानंच उठते. वर्षाची बेरीज साठ-सत्तरच्या वर जात नाही. खाकी कॅम्पबेल खुडूक जवळजवळ होतच नाही. पुस्तकात तिची 280-300 अंडी लिहितात, पण ती चांगल्या खाद्यावर आणि नीट निगा राखून. माझ्या भरड्या-कण्यांवर तेवढी कुठून येणार? तरी सहा-सात कोंबड्यांचं जे येत होतं, ते तीन बदकांत येतं असा माझा अंदाज आहे. उलट बाजू अशी की पिलं हवी असतील तर बदक उपयोगाचं नाही. तिची अंडी कोंबडीखालीच रवणाला ठेवावी लागतात, आणि 21 ऐवजी 28 दिवस. म्हणून एक-दोन खुडूक होणाऱ्या कोंबड्या घरात असाव्यातच.

आता बदकाचे दोष. लपवले तर तुम्ही मलाच शिव्या द्याल.

दिवस मावळला की कोंबडी आपली आपण आत जाते. बदक जात नाही. सातच्या सुमाराला कोणीतरी काठी घेऊन त्यांच्या मागे चालावं लागतं. जातात रांगेत, गुमान जातात, पण माणूस हवा. लग्नसराईत घर बंद करून सगळे गेलात तर मुंगूस आणि कुत्री तुमच्या वाटेकडेच डोळे लावून असतात. रात्री आत पाणी ठेवत नसाल तर खाद्यही ठेवू नका. कोरडा भरडा पाण्याशिवाय त्यांच्या नरड्यात अडकतो.

दुसरं, जात भित्री. गल्लीत लग्नाचा डीजे वाजला की आमच्याकडे तीन दिवस अंडी निम्म्यावर येतात. कोंबड्या त्याच रात्री त्याच आवाजात झोपतात आणि सकाळी घालतात.

तिसरं मला महागात पडलं. एका पावसाळ्यात मक्याच्या पोत्याला खालून ओल लागली. वास थोडा कुबट होता, पण दाणा दिसायला बरा होता, म्हणून दळून टाकला. आठवड्यात दोन बदकं गेली. कोंबड्यांनी तोच मका खाल्ला, अंडी थोडी कमी दिली, जगल्या मात्र सगळ्या. बुरशीच्या विषाला, म्हणजे अफ्लाटॉक्सिनला, बदक फार हळवं असतं हे मला तेव्हा कळलं. शेंगदाण्याच्या पेंडीतही हाच धोका असतो. सरकीची ढेप घरात आहे म्हणून कोणालाच घालू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो, आणि मग गिऱ्हाईक परत येत नाही.

आणि नर. सहा माद्यांना एक नर पुरे, नुसती खायची अंडी हवी असतील तर तोही नको. जास्त झाले की ते कोंबड्यांवर चढायला लागतात आणि कोंबडीला इजा होते. शेपटीवरचं वळलेलं पीस आणि घोगरा आवाज, ही त्यांची ओळख. पिलं घेताना हे दिसत नाही, म्हणून दोन-अडीच महिन्यांनी जादा नर वेगळे काढायची तयारी ठेवा.

उन्हाबद्दल कौल देताना जरा जपून बोलतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. कोंबड्या पंख फाकून, चोच उघडी टाकून निंबाखाली पडून असतात आणि दरसाल एखादी जातेच. बदकं घमेल्यात डोकं बुडवून अंगावर पाणी उडवतात आणि सावलीला बसतात. उन्हानं माझं एकही गेलं नाही. पण दुपारी घमेलं रिकामं राहिलं, तर कोंबडीआधी बदक आडवं होईल असं मला वाटतं.

रोगांत राणीखेत हा कोंबड्यांचा काळ. त्याची लासोटा लस चुकवली की खुराडं रिकामं होतं. बदक त्यात सहसा पडत नाही, पण स्वतः धडधाकट राहून विषाणू बाळगू शकतं. बदकाचा प्लेग हा आजार वेगळा आणि त्याची लसही वेगळी. ती मिळवायला मला दोन-तीन चकरा मारायला लागल्या, तुम्ही पिलं आणायच्या आधीच विचारून ठेवा. बर्ड फ्लूची गोष्ट खान्देशात कोणाला नव्यानं सांगायला नको. फेब्रुवारी 2006 मध्ये देशात कोंबड्यांत तो पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापूरलाच, पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यात आला, आणि 2021 मध्ये नवापूरला पुन्हा. रानबदकं तो विषाणू लक्षणं न दाखवता नेतात. म्हणून हतनूरसारख्या जलाशयाजवळ राहत असाल, जिथं हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, तर बदकं त्या पाण्यावर सोडू नका. त्यांना खळ्यातलं घमेलंच बरं.

खाण्याचं आणि विकण्याचं थोडक्यात. बदकाच्या अंड्याचा बलक मोठा, तेलकट, चव दाट. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात मला ते कोंबडीच्या अंड्याहून सरस लागतं. जास्त उकडलं तर पांढरं रबरासारखं होतं, आणि आम्लेटला थोडा वास राहतो. धाकट्यानं अजून तोंडात घातलेलं नाही. गावात गिऱ्हाईक नाही. गावरान अंडं दारावरून उचललं जातं, बदकाचं अंडं दाखवलं की बाया नाक मुरडतात. माझी जातात ती भुसावळला, रेल्वेतल्या बंगाली आणि मल्याळी घरांत. त्यांना ते सांगून विकावं लागत नाही, उलट पुढच्या खेपेचं आधीच बोलून ठेवतात. श्रावणात, कानबाईच्या दिवसांत, आपल्या घरातली अंडी बंद असतात, तेव्हा मला हीच घरं तारतात. तुमच्या आसपास असं गिऱ्हाईक नसेल आणि विकण्यासाठीच पाळत असाल, तर कोंबडीच घ्या.

सध्या माझ्याकडे सात बदकं आणि चार कोंबड्या आहेत. आकडा मी ठरवून केलेला नाही. कोंबड्या गेल्या तशा मी नव्या आणल्या नाहीत, एवढंच. घरात संध्याकाळी सातला हमखास माणूस असेल, दोन बादल्या पाणी निघत असेल आणि अंडी मुख्यतः घरात खाणार असाल, तर तीन माद्या आणून पाहा, तीनच. आणि कोंबड्यांवरच मन असेल, तर तलंगा आणायच्या आधी खळ्यातली पऱ्हाटी हलवा.