चकती की मोजणी? सॅनिटायझर तपासण्याच्या दोन रीती
सॅनिटायझर जिवाणू खरंच मारतं का, हे बघायला बहुतेक जण आधी चकतीच वापरतात. जिवाणू पसरलेल्या आगरवर (जिवाणू वाढवायचा जेलीसारखा थर) द्रावणात भिजवलेली कागदी चकती ठेवायची, रात्रभर उबवायचं; सकाळी वाढलेल्या जिवाणूंच्या धुरकट थरात चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, तिथे जिवाणू वाढलेले नसतात. सोपं आहे, पण गोल किती मोठा हे द्रावण आगरमध्ये किती झिरपतं यावरही ठरतं. ७० टक्के अल्कोहोल तर उडूनच जातं आणि चांगलं जंतुनाशक उगाच नापास होतं.

माझा कौल मोजणीला. जिवाणू ३० सेकंद द्रावणात ठेवायचे, लगेच त्याचा परिणाम थांबवायचा (ब्लीच असेल तर सोडियम थायोसल्फेटने, हे विसरलात तर आकडा खोटाच), मग ते आगरवर पसरून उबवायचे आणि वाढलेल्या वसाहती (जिवंत उरलेल्या एकेका जिवाणूपासून बनलेले ठिपके) मोजायच्या. दहा लाखांतले दहा उरले, तर ९९.९९९ टक्के मेले. मेहनत बरीच, पण जिवाणू मेले की नुसती वाढ थांबली, हे चकती सांगत नाही.