बदललेला फ्युएल पंप आणि सीटखालची हळद

जानेवारीत आमची गाडी सकाळी त्रास द्यायला लागली. तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी, ८२ हजार किलोमीटर झालेली. सेल्फ जोमात फिरायचा, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला पेट घ्यायची, मग मिनिटभर सगळी बॉडी थरथरायची, मिसिंग करायची. एकदा गरम झाली की दिवसभर तक्रार नाही. कृष्णाकाठी धुकं उतरलं की त्या सकाळी तर फारच हट्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघायच्या आत मला पोचावं लागतं, म्हणून घाईघाईत एका गॅरेजात गाडी टाकली.

त्यांनी लॅपटॉप लावला आणि सांगितलं, टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचं प्रेशर पडतंय, बदलावा लागेल. दुपारी गाडी ताब्यात घेतली तेव्हा अर्ध्या किल्लीला सुरू झाली. खोक्यातला जुना पंपही दाखवला. मी ९,४०० रुपये देऊन समाधानाने घरी आलो. गाडी तासभर फिरवून आणलेली होती, इंजिन गरम होतं, आणि गरम असताना ती आधीही अशीच सुरू व्हायची, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. सकाळच्या तक्रारीची गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवायला सांगा आणि सकाळी स्वतः जाऊन गार इंजिनावर पहिला सेल्फ मारा. माझे पैसे इथेच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

रविवारी माझा मेहुणा आला. त्याचा आयटीआय मोटर मेकॅनिकचा कोर्स झालेला आहे. त्याने सेल्फ न मारता नुसती किल्ली ऑन केली. मागून दोनेक सेकंद बारीक घुंऽघुं आवाज आला, म्हणजे पंप चालतोय. असं तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला. रात्रभरात पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरत असेल, तर एवढ्याने भरून येतं आणि गाडी चटकन पेट घेते. आमच्या गाडीला काही फरक पडला नाही. मग त्याने मागची सीट उचलली, कारण आमच्या गाडीत पंप तिथेच आहे.

मी हळदीचे नमुने पिशव्यांतून मागच्या सीटवर नेतो. चार वर्षांची बारीक भुकटी सीटखाली उतरलेली. पंपावरच्या झाकणावर तो पिवळा थर सलग होता, स्क्रूच्या खाचाही हळदीने भरलेल्या. "दाजी, ह्याला कुणी हातच लावला न्हाई," तो म्हणाला. मला काही बोलायलाच सुचेना. कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीचा पंप माझा म्हणून दाखवला होता.

खरं दुखणं प्लगात निघालं. इंजिन पूर्ण गार असताना त्याने प्लगांना ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइल काढून तिन्ही प्लग बाहेर काढले. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ होती, आणि कॉइलच्या रबरी बुटात आतून अगदी तशीच. ठिणगी टोकावर पडायच्या ऐवजी त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर बॉडीला पळत होती. हवेत ओल असली की तिला वाट आणखी सोपी. शिवाय प्लगची गॅप (ठिणगी पडते ती फट) झिजून १.६ मिलिमीटर झालेली, पुस्तिकेत १.१ लिहिलंय. तीन प्लग आणि एक बूट मिळून ७८० रुपये. प्लग बसवताना आधी हातानेच आटे धरून घ्या, पान्हा शेवटी. हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर मोठा खर्च येतो. आणि इंजिन चालू असताना कॉइल ओढू नका, झटका जबर बसतो.

तेव्हापासून गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते.

सीट, झाकण, स्क्रू यांचे फोटो आम्ही काहीही पुसायच्या आधी काढले होते. ते घेऊन गॅरेजात गेलो. मालक आधी चढ्या आवाजात बोलले, मग "पोराकडनं चूक झाली" म्हणाले, आणि ५,००० परत दिले. बाकीचे ४,४०० द्यायला तयार नाहीत. बिलावर नुसतं "पंप १ नग" लिहिलंय, पार्ट नंबर नाही. मीही तो मागितला नव्हता. पुढे पार्ट बदलला की नंबरासकट बिल घेतल्याशिवाय मी पैसे देणार नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि झाकणावरची हळद अजून तशीच ठेवली आहे.