४ मिमी सिंगल स्ट्रँड सुती दोरी: किनाऱ्यावरचे नऊ महिने

नोव्हेंबर ते जुलै, एकूण १२ किलो दोरी वापरल्यानंतरचा हा अनुभव. भाव ₹४५० किलो. एका किलोत मोजून १४० मीटर भरली. काम मॅक्रमेचं, म्हणजे दोरीला गाठी मारून वस्तू करायचं: तोरणं, कुंडीची शिंकाळी, भिंतीवर लावायच्या झालरी. जागा रत्नागिरीच्या बाजूला, अगदी समुद्रालगत. हे आधी सांगायला हवं, कारण हीच दोरी पुण्यात वापरणाऱ्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

आधी जमेची बाजू. दोरीला एकच पीळ असल्याने टोक कंगव्याने विंचरलं की झालर पटकन मोकळी होते. तीन पदरी दोरीचे पदर आधी सोडवत बसावे लागतात. स्क्वेअर नॉट (मॅक्रमेतली नेहमीची चपटी गाठ) भरीव बसते, बोटं सोलत नाहीत. मात्र एकच गाठ दोनदा उसवली की दोरीला केस फुटतात आणि खिडकीच्या उजेडात ते लगेच दिसतात. नवशिक्याने हिच्यावर हात बसवू नये, सराव तीन पदरीवर करावा.

शिंकाळ्यांसाठी ही दोरी बेताचीच. ओल्या मातीची ४ किलोची कुंडी टांगली की पीळ थोडा सुटतो आणि शिंकाळं खाली उतरतं. सूत ओलं झाल्याने कमजोर होत नाही, उलट बळकट होतं. त्यामुळे तुटायची भीती नाही, पण चार पाय सारखे उतरत नाहीत आणि कुंडी कलते. जड कुंडीला तीन पदरीच घ्यावी.

आता खरा मुद्दा, दमट हवा. मार्चमध्ये २५० ग्रॅम भरलेली लड जुलैत त्याच काट्यावर २६० ग्रॅम भरली. म्हणजे पावसाळ्यात वजनावर दोरी घेतली तर किलोमागे ४० ग्रॅमपर्यंत पाण्याचे पैसे जातात. वर्षाचा साठा फेब्रुवारी-मार्चमध्येच भरावा. बुरशी बाहेरून येत नाही. ती रिळाच्या पुठ्ठ्याच्या नळीपासून सुरू होते, कारण पुठ्ठा ओल धरून ठेवतो. वरचे थर पांढरेशुभ्र असतात आणि आत करडे ठिपके. पहिली खूण म्हणजे कुबट वास. रीळ आल्या आल्या नळी काढून टाकावी, सैल लडी करून उन्हं द्यावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवाव्यात. जेलचा रंग बदलला की ते जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं.

कड्यांचं वेगळंच दुखणं. मुलामा दिलेली लोखंडी कडी दोन महिन्यांत गंजली आणि दोरीवर तांबडा पट्टा उमटला. लिंबू-मीठ लावून तो फिका होतो, जात नाही. स्टेनलेस स्टीलची किंवा लाकडी कडी वापरावी. किनाऱ्यावर वाहून आलेली काठी झालरीला शोभते खरी, पण तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. चार दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून भिजवावी आणि मग कडक वाळवावी.

एप्रिलचा दुसरा लॉट निराशाजनक. 'शंभर टक्के कॉटन' लिहिलेलं, पण टोक जाळलं तर राखेत कडक मणी राहिले. म्हणजे पॉलिएस्टर. निव्वळ सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि राख बोटाने उडते. हा लॉट हिरडा-तुरटीत रंगवल्यावर पॉलिएस्टरने रंग धरला नाही आणि दोरी ठिपकेदार निघाली. विक्रेत्याने 'बॅच बदलली' इतकंच कळवलं. (हिरडा वापरणाऱ्यांनी विहिरीचं पाणी आधी तपासावं. जांभ्याच्या भागात पाण्यात लोह असेल तर हिरड्याचा पिवळा रंग करड्याकडे झुकतो.) एका तोरणाची दोरी कायम एकाच लॉटमधून कापावी. पांढऱ्यातही पिवळसर आणि निळसर असतो.

विक्रीचा हिशोब. ९० सेंमी शिंकाळ्याला ४ मीटरच्या ८ दोऱ्या, शिवाय गुंडाळायला दीड-दीड मीटरच्या २, मिळून ३५ मीटर. म्हणजे २५० ग्रॅम, ₹११२. कडी आणि पॅकिंग धरून ₹१५०, दोन तासांची मजुरी ₹२००, एकूण ₹३५०. होमस्टेवाले आणि दुकानदार ३० टक्के कापून घेतात तेव्हा बरेच जण ३५० वर ३० टक्के चढवतात आणि ₹४५५ लावतात. त्यातून ३० टक्के गेले की हातात ₹३१८ उरतात, मजुरीतले ३२ गेले. ३५० ला ०.७ ने भागायचं, किंमत ₹५००.

तोरणांची मागणी गणपतीआधी येते, चाकरमानी गावी यायच्या तोंडावर, आणि नेमका तेव्हाच पाऊस. तयार माल पंख्याखाली रात्रभर ठेवून मगच पिशवीबंद करावा, ओल आत कोंडली की पोचेपर्यंत डाग पडतात. झालर घडी न घालता गुंडाळून पाठवावी. घडीची मोड इस्त्रीच्या वाफेशिवाय जात नाही आणि गिऱ्हाईक इस्त्री करत नाही, फोटो काढून परत पाठवतं.