सहा मीटरवर आणलेला हीथकिट एसबी-२२० : मोसमभर वापरल्यानंतर

आधीच सांगतो, चालू स्थितीतला, मूळ रूपातला एसबी-२२० (हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा ट्यूबवाला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर) या कामासाठी फोडू नका. मी इथे न्यू जर्सीत घेतलेल्या सेटचा बँड स्विच जळालेला होता, पण ट्रान्सफॉर्मर आणि दोन्ही ३-५००झेड ट्यूब ठणठणीत होत्या. ८० ते १० मीटरच्या बँडसाठी बनलेला हा अ‍ॅम्प्लिफायर आता फक्त ५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सहा मीटरच्या बँडवर चालतो. एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या शॉर्टवेव्हला) कायमचा रामराम करायची तयारी असेल तरच हात घाला.

सगळ्यांचं लक्ष आउटपुट कॉइलकडे असतं, पण खरी मेख ग्रिडमध्ये (ट्यूबमधला प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या जाळीत) आहे. मूळ रचनेत ग्रिड कपॅसिटर आणि चोकमधून चासीला (धातूच्या सांगाड्याला) जातात. एचएफवर ते खपून जातं. ५० मेगाहर्ट्झवर इंचभर तारेचं इंडक्टन्सही नडतं आणि अ‍ॅम्प्लिफायर ऑसिलेट व्हायला, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करायला लागतो. म्हणून सॉकेटच्या तिन्ही ग्रिड पिना तांब्याच्या रुंद, आखूड पट्ट्यांनी थेट चासीला जोडल्या. तेव्हापासून ड्राइव्ह (ट्रान्सीव्हरकडून येणारी पॉवर) नसताना ग्रिड करंटचा काटा जागचा हललेला नाही. मला विचाराल तर या बदलाइतका मोलाचा दुसरा बदल नाही.

आउटपुटला अडचण वेगळी. दोन ट्यूब आणि आजूबाजूचा पत्रा मिळूनच इतकी कपॅसिटन्स भरते, की ट्यून कपॅसिटरच्या वाट्याला जेमतेम काही पिकोफॅरॅड उरतात. मूळ कपॅसिटर पूर्ण उघडला तरी जास्तच होतो, त्यामुळे त्याच्या बहुतेक पाती काढल्या. कॉइल पाव इंची तांब्याच्या नळीची, मोजक्या वेढ्यांची. वेढे किंचित ताणत-दाबत जागेवर आणली. प्लेट चोक आणि इनपुटचं सर्किटही नवं केलं.

आता कामगिरी. ८० वॉट ड्राइव्हला साधारण ७०० वॉट मिळतात. एचएफच्या मानाने एफिशियन्सी कमी आहे, ते अपेक्षितच. जूनमध्ये स्पोरॅडिक-ई (वातावरणाच्या वरच्या ई थरावरून सिग्नल परतणं) उघडलं की सकाळी युरोपची जी स्टेशनं १०० वॉटवर अर्धवट ऐकून सोडून द्यायची, ती आता पहिल्या हाकेला उत्तर देतात. मी खूश आहे.

एफटी८ (संगणकाने पाठवायचा डिजिटल प्रकार) मात्र जपून. १५ सेकंदांच्या खिडकीत जवळपास १३ सेकंद सलग पॉवर जाते आणि हा पॉवर सप्लाय बोलण्यासाठी बनलेला आहे. प्लेट लालसर होणं ३-५००झेडला नवं नाही. ट्रान्सफॉर्मर भाजायला लागला की थांबायचं. मी सीडब्ल्यू (मोर्स) पोझिशनवर, कमी व्होल्टेजवर, ४०० वॉटच्या पुढे जात नाही आणि जादा पंखा लावला आहे.

दोन गोष्टी टाळू नका. मूळ रिले लाइनवर (अ‍ॅम्प्लिफायरला ट्रान्समिटवर आणणाऱ्या तारेवर) शंभराहून जास्त व्होल्ट असतात. आजचा ट्रान्सीव्हर तिथे थेट जोडला तर त्याचं कीइंग सर्किट (ही लाइन चालवणारं) जळेल, मध्ये इंटरफेस हवाच. आणि ५०चा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) पडतो १०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे नेमका शेजाऱ्यांच्या एफएम रेडिओत. लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) बसवल्यावर घरातल्या रेडिओवरची खरखर गेली.

आत ३००० व्होल्टच्या आसपास असतात. झाकण काढण्याआधी प्लग काढा, प्लेट व्होल्टेजचा काटा शून्यावर येऊ द्या आणि तरीही शॉर्टिंग स्टिक (उरलेला चार्ज चासीला उतरवणारी काठी) लावल्याशिवाय आत बोट घालू नका.