लॉन ट्रॅक्टरची हेड गॅसकेट उडाली: हातकटाईची, कंपनीची की इंजिनच नवं?

नागपुरात 'लॉन' म्हटलं की आधी लग्न आठवतं, गवत नंतर. काटोल रोडला आमचं असंच एक लॉन आहे, आणि तिथलं गवत कापायला एक जुना, अमेरिकन बनावटीचा लॉन ट्रॅक्टर. साडेसतरा हॉर्सपॉवर, एक सिलेंडर, हवेवर थंड होणारं इंजिन. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना त्यानं निळसर धूर ओकायला सुरुवात केली. ब्लेड जोडलं की दम टाकायचा, एअर फिल्टर उघडला तर आत ऑइल साचलेलं.

पहिल्या मेकॅनिकने आवाज ऐकूनच निकाल दिला, "भाऊ, रिंगा गेल्या हिच्या. हाफ इंजिन करा लागते." म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या, इंजिन खोलून आतलं काम काढावं लागेल. दुसरा म्हणाला, हेड गॅसकेट बदला, म्हणजे सिलेंडर आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधला सील. तिसरा म्हणाला, विकून टाका. तुम्हालाही असेच तीन सल्ले मिळाले असतील तर पुढचं वाचा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कारची हेड गॅसकेट गेली की पाणी कमी होतं, ऑइल दुधाळ होतं. इथे पाणीच नाही, त्यामुळे ती खूण शोधू नका. या इंजिनांत बोअर (पिस्टन वर-खाली होतो ते भोक) आणि पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) खिडकी यांच्यामधली गॅसकेटची पट्टी करंगळीपेक्षाही अरुंद असते. बहुतेक वेळा तीच जळते. मग स्फोटाचा दाब पुशरॉडच्या वाटेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या भागात, शिरतो आणि ऑइलला ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी वाट) एअर फिल्टरकडे ढकलतो. डिपस्टिक काढून इंजिन चालू ठेवलं तर नळीतून फुरफुर हवा येते.

अडचण अशी की रिंगा झिजल्या तरी हेच सगळं होतं. सिलेंडरचा दाब मोजणारा साधा कॉम्प्रेशन गेजही फसवतो, कारण सुरू करायला सोपं जावं म्हणून या इंजिनांत व्हॉल्व्ह जरासा उघडा ठेवणारी सोय असते आणि आकडा मुळातच कमी येतो. म्हणून हेड उघडल्याशिवाय कोणत्याही पर्यायाला हो म्हणू नका. उघडून पाहायला मजुरी आणि एक गॅसकेट एवढंच लागतं. गॅसकेटवर त्या अरुंद जागी काळी जळकी वाट दिसली आणि बोअरमध्ये कारखान्यातल्या आडव्या-तिरप्या रेघा अजून शाबूत असल्या, तर रिंगांचा विषय सोडा. बोअरमध्ये उभे ओरखडे असले आणि ते नखाला लागत असले, तर मात्र पहिल्या मेकॅनिकचं म्हणणं खरं.

आमच्याकडे जळकी वाट निघाली. लग्नं तोंडावर, म्हणून मी स्वस्त आणि लवकर होणारा मार्ग धरला: हातकटाईची गॅसकेट. हे काम बघण्यासारखं असतं. गॅसकेटची शीट हेडवर धरतात आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने काठाकाठाने टकटक करत जातात. धातूची कडच कात्रीचं काम करते. पंधरा मिनिटांत गॅसकेट हातात. पण ॲल्युमिनिअमच्या कडेला त्याच टकटकीने बारीक पोचे पडतात, तेही नेमके त्या अरुंद पट्टीपाशी. शिवाय कंपनीच्या गॅसकेटला बोअरभोवती पत्र्याची कडा असते, ती या शीटला नाही. वरून शेलॅक चोपडून बसवली. "टेन्शन नोका घेऊ" हे ऐकून मी घरी आलो आणि दुसरं वऱ्हाड येण्याआधी धूर परत.

पाण्याच्या पंपाला किंवा जिथे दाब कमी आणि पट्टी रुंद आहे तिथे हातकटाई चालते, आणि छान चालते. इथे ती फक्त वेळ मारून न्यायला. तीच करायची असेल तर निदान जुन्या गॅसकेटवरून आखून कात्रीने कापायला सांगा, हेडवर ठोकू देऊ नका.

आता दुसरा मार्ग: कंपनीची गॅसकेट आणि सोबत हेड सपाट करणं. गॅसकेट बाहेरून मागवावी लागते, वाट पाहावी लागते, हा त्याचा खरा तोटा. पण गॅसकेट उगाच जळत नाही. ब्लोअरचं झाकण काढलं तेव्हा कारण दिसलं. पावसाळ्यात ओलं गवत कापलेलं, त्याचा चुरा हेडच्या पंखांमध्ये बसून ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखा घट्ट झालेला. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा गळाच दाबला म्हणायचा. हेड तापलं, वाकलं, बोल्टची पकड ढिली झाली, गॅसकेट शेवटी गेली. नुसती गॅसकेट बदलली की वाकलेलं हेड तिलाही खाणारच.

हेडवर सरळ पट्टी ठेवा आणि खालून ०.१ मिमीचं फिलर गेज सरकवून बघा. गेलं तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, हवं. हिंगणा एमआयडीसीच्या भागात मशीनवर करून मिळतं, फक्त गरजेपुरतंच घासायला बजावा. वाक थोडाच असेल तर घरीही जमतं. जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर चिकटवायचा, थोडं रॉकेल, आणि इंग्रजी आठ गिरवावा तसं हेड फिरवायचं. सगळीकडे एकसारखा राखाडी रंग आला की थांबायचं. सिलेंडरचा माथाही त्याच पट्टीने तपासा. ग्राइंडरला डिस्क लावून गॅसकेटचा मळ काढणाऱ्याच्या हातून हेड परत घ्या.

बसवताना शेलॅक नाही, सिलिकॉन नाही, कोरडी गॅसकेट. बोल्ट आमनेसामने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते दाखवणारा पाना). आमच्या इंजिनाला साधारण २५ न्यूटन-मीटर लागतं, तुमच्याचं पुस्तकात बघा. गोटी पान्याने 'अंदाजे टाइट' करणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर सेट करा, पिस्टन माथ्यावरून सुमारे ६ मिमी खाली आल्यावर, नाहीतर मघाची ती कॉम्प्रेशनची सोय फटीचं माप चुकवते. ऑइल बदलाच, आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत मी एसएई ३० घालतो.

नवं इंजिन? बोअर खराब असेल तरच, आणि तेव्हाही एक गोष्ट तपासून. लॉन ट्रॅक्टरला उभ्या शाफ्टचं इंजिन लागतं. आपल्या बाजारात पंपाला, पॉवर टिलरला मिळणारी इंजिनं आडव्या शाफ्टची, ती इथे बसतच नाहीत. म्हणजे इंजिनही बाहेरूनच, आणि शाफ्टचा व्यास-लांबी जुळवूनच. हाफ इंजिनचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर मी ट्रॅक्टर विकून ब्रश कटरवाल्यांना ठेका देईन. लॉन अर्धा एकरच असेल तर आजच देईन.

आमचा ट्रॅक्टर दुसऱ्या मार्गाने दुरुस्त झाला, तो मे महिन्यातही चालला. दर पंधरा दिवसांनी झाकण काढून पंख ब्रशने साफ करणं आता माळीबुवांच्या कामात धरलं आहे. गॅसकेट मागवताना मात्र दोन मागवा, पार्सलचा खर्च जवळपास तोच पडतो. आमची दुसरी स्टोअररूममध्ये खिळ्याला टांगली आहे, मंडपवाल्यांचा हात पोचणार नाही इतकी उंच.